तुम्ही विचारलंत म्हणून: मैत्रीण खचली असेल तर पेज न्या, सोबत किसमूर

"जिवाभावाची मैत्रीण खचलीय, धड जेवत नाही. घरी काय करून नेऊ?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो, आणि विचारणारीच्या मनात बहुतेक वेळा मणगणं (चणाडाळीची गोड खीर) नाहीतर शिरा असतो. माझं सांगणं एकच: गोड नेऊ नका. गोड म्हणजे सणासुदीचं. ते समोर आलं की "छान झालंय" म्हणावं लागतं, आणि तेवढीही उमेद नसली की दोन चमच्यांत वाटी बाजूला सरकते. सकाळी अकराच्या पेजेवर वाढलेल्या माणसाला पेज मात्र भूक नसतानाही जाते. पण नुसती पेज आजाऱ्याची. तिचं जेवण होतं ते किसमुरामुळे, म्हणजे भाजलेली सुकी मासळी नाहीतर पापड कांदा-नारळात कालवून केलेल्या आमच्या गोव्याकडच्या तोंडीलावण्यामुळे.

दोघींसाठी 100 ग्रॅम उकडे तांदूळ घ्या, लाल सालीचे. ज्योती जातीचे चालतात. खाजन शेतातला, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या शेतातला, कोरगुट हा गावठी तांदूळ मिळाला तर फारच चांगलं. साधे पांढरे तांदूळ नकोत, त्यांचं खिमट होतं. उकड्यांचं भात सालीसकट उकडून वाळवलेलं असतं, त्यामुळे दाणा घट्ट राहतो आणि तासभर शिजला तरी शीत दाताखाली लागतं. दोन-तीनदा धुवा, तासभर भिजवा, मग जाड बुडाच्या टोपात 1 लिटर उकळत्या पाण्यात सोडा. टोप निम्म्याहून जास्त भरलेला नको, कारण पहिल्या दहा मिनिटांत फेस वर येतो आणि हमखास उतू जातो. झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर 45 ते 50 मिनिटं, मध्ये मध्ये बुडापासून ढवळत. पाणी आटलं की उकळतंच पाणी घाला, एकूण साधारण अर्धा लिटर लागतं. गार पाणी ओतलं की उकळी मोडते आणि शिजायला आणखी वेळ जातो.

कुकरची घाई करू नका. कुकरमध्ये दाणा मऊ होतो, पण ढवळणं नाही, त्यामुळे शीत वेगळं आणि पाणी वेगळं राहतं. पेजेचा दाटपणा येतो तो दाण्यातला पिठूळपणा हळूहळू पाण्यात उतरून. शीत बोटांत दाबल्यावर मधली कणी लागली नाही की झालं. मीठ शेवटी, सपाट चमचाभर. आधी घातलं तर पाणी आटत जातं आणि पेज खारट होते, शिवाय किसमूर खारं असतंच.

आता किसमूर, आणि इथे हात राखून काम करायचं नाही. 25 ग्रॅम सुकी सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी, घ्या. मे महिन्यात पुरुमेंताला (पावसाळ्याच्या बेगमीला) घेऊन ठेवलेली असली तर एकदा उन्हात टाका. डोकी आणि शेपट्या काढा, चाळणीत घोळवून रेती झाडा. एक रेतीचा कण सगळं किसमूर घालवतो. कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर पाच-सहा मिनिटं भाजा, हात थांबवू नका. सुंगटात चरबी जवळजवळ नसते, त्यामुळे तांबूस झाल्यावर अर्ध्या मिनिटात ते करपतं आणि कडू होतं. एक उचलून मोडून बघा: वाकलं तर अजून दमट आहे, कट्कन मोडलं की लगेच तव्यावरून ताटात. तव्यातच ठेवलंत तर उरलेल्या तापानं करपेल.

दुसरीकडे दोन सुक्या मिरच्या खोबरेल तेलाच्या थेंबावर परतून ठेवा. एक लहान कांदा अगदी बारीक चिरा. अर्धी वाटी ताजा खवलेला नारळ आणि सुपारीएवढ्या चिंचेचा घट्ट कोळ घ्या. चिंच नसली तर दोन-तीन सोलं (आमसुलं) थोड्या पाण्यात भिजवून चुरडा. सगळं कालवून वर चमचाभर कच्चं खोबरेल तेल. मीठ चाखून मगच.

पण हे घरी कालवू नका. कांद्याचं आणि नारळाचं पाणी सुटलं की दहा मिनिटांत सुंगटं चिवट होतात. म्हणून सुंगटं कोरड्या डब्यात, बाकी मिश्रण दुसऱ्या डब्यात. कालवण्याचं काम तिच्याकडे द्या. मिरची चुरडायची, तिखट-मीठ चाखायचं, एवढं एक मिनिटाचं काम, पण हाताला चव लागली की बोटं तोंडाकडे जातातच. माझ्या मते या जेवणातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. "जेव गं" असा आग्रह करायची मग गरज पडत नाही.

पेज वाटेत घट्ट होते. निघताना हवी त्यापेक्षा पातळ ठेवा आणि थर्मासमध्ये वेगळं उकळतं पाणी न्या. तिथे गेल्यावर ते थोडं थोडं घालून ढवळलं की गुठळ्या सुटतात.

निघण्याआधी वार बघा. सोमवार असेल, किंवा घरात सुतक असेल, तर सुंगटं न्यायची नाहीत. तेव्हा पापडाचं किसमूर. चार उडदाचे पापड, बाकी सगळं वरचंच, फक्त चिंच अर्धी आणि मीठ बिलकुल नाही, कारण पापडातच ते पुरेसं असतं. कांदा चालणार नसेल तर नारळ थोडा वाढवा. पापड मात्र तिच्याच गॅसवर, कालवायच्या वेळी भाजा. भाजून डब्यात भरलेला पापड पावसाळ्यात पणजीहून फोंड्याला पोचेपर्यंत सादळतो.