अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कोलेस्टेरॉलच्या गोळीचा हिशेब

आधी कबूल करते, गोळी मी चोरून बंद केली होती. डॉक्टरांना सांगितलं नाही, यांना नाही, लेकीलाही नाही. रोज रात्री स्ट्रिपमधून एक गोळी काढायची आणि एका जुन्या डबीत टाकायची, म्हणजे स्ट्रिप वेळेवर रिकामी होताना दिसते. वय ७८ आणि उद्योग हे असले.

गोळी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, २० मिलिग्रॅमची. एकसष्टाव्या वर्षी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६८ आलं म्हणून सुरू झाली. मला हृदयविकार नाही, मधुमेह नाही, बीपी तेवढं आहे. गोळीने एलडीएल ९५ च्या आसपास आलं आणि तिथेच राहिलं. सतरा वर्षांत हिची अजून गरज आहे का, हे कोणी विचारलं नाही. मलाही सुचलं नाही. मग गेल्या वर्षी मांड्या आणि पोटऱ्या दुखायला लागल्या. जिना चढताना कठडा धरावा लागायचा. ओळखीत ज्याला सांगावं त्याचं मत तयारच असायचं : "ती कोलेस्टेरॉलची गोळी सोड, स्नायू खाते ती."

सोडली. तीन आठवड्यांत पाय हलके झाले. मी खूश. तेवढ्यात नेहमीची रक्ततपासणी आली आणि एलडीएल १६४. चोरी उघडी पडली.

डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "काकू, बंद केलीत याचं काही नाही. सांगितलं असतंत तर दुखत असतानाच सीपीके बघितलं असतं." सीपीके हे स्नायूंमधलं एन्झाइम, स्नायूंना खरोखर इजा होत असेल तर रक्तात वाढतं. गोळी बंद करून महिना उलटल्यावर ते बघून फारसं काही हाती लागत नाही. ती संधी मी स्वतःच घालवली होती. थायरॉइड आणि ड जीवनसत्त्वही तपासलं. थायरॉइड मंद असेल तर अंगही दुखतं आणि कोलेस्टेरॉलही वाढतं, म्हणजे दोन्ही तक्रारींचं मूळ एकच निघू शकतं, हे मला नवीन होतं. माझं थायरॉइड ठीक निघालं, ड जीवनसत्त्व जरा कमी.

मग त्यांनी तीच गोळी, तेवढ्याच ताकदीची, पुन्हा सुरू करायला सांगितली. सोबत वही. रोज झोपताना दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे, आणि दिवसभरात काय केलं ते लिहायचं. लघवी गडद झाली किंवा उठता-बसता ताकदच लागेना असं झालं, तर गोळी थांबवून लगेच फोन करायचा.

पहिल्याच रात्री पाय दुखले. सहा गुण. एका गोळीने एका रात्रीत स्नायू दुखावतील, यावर सकाळी उजेडात माझाही विश्वास बसेना. दहा-बारा दिवसांत आकडा दोन-तीनवर आला. वही उलटी चाळली तेव्हा दिसलं, की ज्या दिवशी फार वेळ उभी राहिले त्याच्या दुसऱ्या दिवशी आकडा चढतो. गोळी त्या सगळ्या दिवशी सारखीच होती.

तेव्हा डॉक्टरांनी ब्रिटनमधल्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. त्रास होतो म्हणून स्टॅटिन, म्हणजे माझ्या गोळीच्याच गटातलं औषध, सोडलेली ६० माणसं त्यात घेतली होती. प्रत्येकाला वर्षभरात चार महिने खरी गोळी, चार महिने तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी आणि चार महिने काहीच नाही. गोळी नसलेल्या महिन्यांत त्रासाची सरासरी शंभरात ८, खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४, खऱ्या गोळीच्या महिन्यांत १६.३. त्रास खरा होता, पण त्यातला बहुतेक भाग गोळी घेण्यातून आला होता, औषधातून नाही. आधी मला रागच आला. म्हणजे काय, मी नाटक करत होते? मग डबी आठवली आणि गप्प बसले.

दुखणं आटोक्यात आलं, पण या वयात गोळी हवी का, हा प्रश्न तसाच होता. यांच्या बाबतीत तो येतच नाही. यांच्या हृदयाला स्टेंट आहे, अशांना गोळीचा फायदा होतो हे पक्कं ठाऊक आहे. माझी थोरली बहीण ८८ वर्षांची. स्मृतिभ्रंशाने ती माणसं ओळखत नाही, गिळायलाही त्रास होतो. तिची गोळी तिच्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी काढली, आणि ते बरोबरच केलं. मी या दोघांच्या मधे कुठेतरी.

आयुष्यभर हिशेबखात्यात काम केलेलं असल्याने मी आकडे मागितले. डॉक्टर म्हणाले, "समजा, तुमच्यासारख्या शंभर जणींपैकी दहा जणींना पुढच्या काही वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होणार आहे. गोळीने त्यातला साधारण पाचवा भाग टळतो. म्हणजे दोघी वाचल्या. आठ जणींना गोळी घेऊनही होणार, नव्वद जणींना न घेताही होणार नव्हतं." आपण कोणत्या गटात ते कोणालाच कळत नाही. शिवाय हा पाचवा भागही माझ्यासारखीला तंतोतंत लागू होईलच असं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. २०१९ साली २८ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात पावणेदोन लाखांहून जास्त माणसं होती, पण पंचाहत्तरी ओलांडलेली जेमतेम साडेचौदा हजार. त्यातही ज्यांना आधी हृदयविकार नाही, त्यांच्याबद्दलचा पुरावा तोकडाच.

मला मरणाची भीती वाटत नाही, पक्षाघाताची वाटते. आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि तिचं सगळं मी केलं. हे सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, चला, निर्णय झाला. पण डॉक्टर म्हणाले, "७० ते ८२ वयाच्या ५,८०४ लोकांवरची एक चाचणी २००२ साली आली. हृदयाचे झटके कमी झाले, पण तीनेक वर्षांत पक्षाघातात फरक दिसला नाही. एकत्र आढाव्यांत तो दिसतो, नाही असं नाही. पण तुम्हाला पक्षाघाताचीच धास्ती असेल तर आधी बीपीकडे बघा." आणि बीपीची गोळी मी आठवड्यातून दोनदा तरी विसरत होते! भांडत होते एका गोळीशी, आणि चुकत होती दुसरीच. आता घरात बीपीचं यंत्र आहे, दोन्ही गोळ्या सकाळी एकत्र घेते. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन रात्रीच घ्यायला हवी असं नाही, तेही सतरा वर्षांनी कळलं.

शेवटी गोळी चालू ठेवली, पण १० मिलिग्रॅमची. ताकद निम्मी केली म्हणून परिणाम निम्मा होत नाही. डोस दुप्पट केला की एलडीएल जेमतेम सहा टक्के जास्त उतरतं, तसंच उलट. मी फाइलमध्ये एक पान वेगळं लिहून घेतलं : गोळी कधी थांबवायची. बरा न होणारा मोठा आजार झाला तर, वजन आपोआप घटत गेलं तर, गिळणं अवघड झालं तर, किंवा मीच सांगितलं तर. लेकीलाही ते पान दाखवून ठेवलंय. दर वाढदिवसाच्या महिन्यात पुन्हा विचार करायचा.

तीन महिन्यांनी एलडीएल १०७ आलं. वहीतले आकडे एक-दोनवर आहेत. जिन्याचा कठडा मात्र अजून सुटलेला नाही. तो म्हणे गुडघ्यांमुळे.