कोलोबानोव्हचा दलदलीतला सापळा

पणजी-रायबंदर कॉजवे डोळ्यांपुढे आणा. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरं. पुढची आणि मागची बस अडली की मधल्या गाड्यांना वाटच उरत नाही. सोव्हिएत रणगाडा दलातल्या सीनियर लेफ्टनंट झिनोव्ही कोलोबानोव्हने 20 ऑगस्ट 1941 ला लेनिनग्राडजवळ, व्होइस्कोवित्सीपाशी, नेमकी अशीच जागा हेरली.

हाताशी पाच केव्ही-1 रणगाडे. त्याचा स्वतःचा बुरुजापर्यंत (वरच्या, तोफ बसवलेल्या फिरत्या भागापर्यंत) खड्ड्यात उतरवलेला. चिलखतभेदी तोफगोळे नेहमीच्या दुप्पट. पुढे आलेल्या जर्मन मोटारसायकली त्याने मुद्दाम जाऊ दिल्या. तिथेच गोळी झाडली असती तर सगळा डाव उघडा पडला असता. मग तोफची उसोव्हने आधी रांगेचं तोंड टिपलं, नंतर शेपूट. रस्ता सोडून उतरलेले रणगाडे चिखलात रुतले. केव्हीचं 75 मिमी चिलखत टिकलं, पण माऱ्याने बुरूज अडकला. तेव्हा चालक निकिफोरोव्ह अख्खा रणगाडाच वळवून नेम जुळवून देत राहिला! सोव्हिएत नोंदीत या एका रणगाड्याच्या नावावर 22 रणगाडे आहेत.

उसोव्हला ऑर्डर ऑफ लेनिन हे सोव्हिएत पदक मिळालं, कोलोबानोव्हला रेड बॅनर हे शौर्यपदक. 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब त्याला कधीच मिळाला नाही, आणि हा मला सरळ अन्याय वाटतो. सप्टेंबरात डोक्याला व मणक्याला जबर जखमा झाल्या, तरी 1945 मध्ये तो पुन्हा सैन्यात रुजू झाला. 1994 मध्ये मिन्स्कला त्याचं निधन झालं.