अपोलो बंदरावरची रेघ

"मामा, पाणी इथे हललं, मग जमीन तिकडे किती सरकली, हे कसं कळणार?" अपोलो बंदराच्या कठड्याशी भाचीने विचारलेला हा प्रश्न परतीच्या लोकलमध्येही डोक्यातून गेला नाही.

मी तिला मोबाइलवर एक जुना आलेख दाखवत होतो. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या, म्हणजे आजच्या पाकिस्तान-इराणच्या, किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला आणि त्या दिवशी याच बंदरातल्या भरतीमापकाने भरती-ओहोटीच्या संथ वळणावर करवतीच्या दात्यांसारखी थरथर उमटवली.

त्या रेघेतून नेहमीची भरती वजा केली की त्सुनामी उरते. मग भ्रंशाचे, म्हणजे भूकंपात जिथे खडक सरकतो त्या भेगेचे, तुकडे कल्पून, प्रत्येक तुकडा एक मीटर सरकल्यास इथे कशी लाट पोहोचेल हे समुद्राच्या खोलीवरून काढतात आणि कोणता तुकडा किती सरकवला की सगळ्यांची बेरीज मूळ रेघेशी जुळते, ते शोधतात. लाटेचा वेग खोलीवर ठरतो, म्हणूनच हे जमते.

अडचण अशी, की हाताशी नोंदी आहेत त्या प्रामुख्याने कराची आणि मुंबईच्या. म्हणून मकरान किनाऱ्यावरच्या ओरमाऱ्याला जमीन सुमारे २ मीटर उचलली गेली, तेही जमेस धरावे लागते.

"म्हणजे दोन साक्षीदारांवर खटला?" ती म्हणाली. तुम्ही काय उत्तर दिले असते?