गच्चीवरच्या वीस कुंड्या आणि दोनशे लिटरचा ड्रम

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. बारा इंची कुंडीला त्या दिवसांत रोज साधारण दोन लिटर पाणी लागतं. वीस कुंड्यांना चाळीस लिटर, म्हणजे दोनशे लिटरच्या एका ड्रमला ठिबक जोडलं की त्यावर पाच दिवस निघतात. जिन्यावरच्या टाकीलाच नळी जोडायचा मोह होतो, पण तो टाळा. एकदा व्हॉल्व्ह बंद करायचा राहिला की घरचं पाणी पन्हाळीतून रस्त्यावर, आणि नळाची पाळी अजून लांब.

सामान शोधावं लागत नाही. सांगोल्याचं डाळिंब ठिबकवरच वाढतं, त्यामुळे ठिबकचं दुकान सगळीकडे आहे. पाऊण इंची टँक निपल (ड्रममधून पाणी बाहेर काढणारा जोड), बॉल व्हॉल्व्ह, जाळीचा छोटा फिल्टर, १६ एमएमची काळी लॅटरल, म्हणजे कुंड्यांजवळून फिरणारी नळी, मीटरवर मोजून, तिचं टोक बंद करणारी एंड कॅप आणि थेंबथेंब पाणी सोडणारे ड्रिपर.

बहुतेकांचं गणित ड्रिपरवरच चुकतं. दुकानदार चांगल्या भावनेनं प्रेशर कॉम्पेन्सेटिंग, म्हणजे दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी सोडणारा ड्रिपर देतो. तो पंपासाठी आहे; त्याला साधारण अर्धा किलो (दर चौरस सेंटीमीटरला) तरी दाब लागतो. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब सुमारे एक किलो, म्हणजे तीन फूट उंच ठेवलेल्या ड्रमचा एक दशांश किलोही नाही. असा ड्रिपर ड्रमवर नीट चालत नाही. साधा, उघडून साफ करता येणारा, ताशी आठ लिटरचा ड्रिपर मागा. आठचा आकडा एक किलो दाबाचा असतो. ड्रमचा तळ कुंडीच्या काठापेक्षा तीन फूट वर असेल, तर ड्रम भरलेला असताना ताशी सव्वातीन-साडेतीन लिटर पडतं, तळाशी आल्यावर अडीचच्याही खाली. म्हणून पहिल्या दिवशी पस्तीस मिनिटं पुरतात, पाचव्या दिवशी पन्नास लागतात.

भरलेला ड्रम दोनशे किलोंच्या वर जातो. अँगलचा स्टँड बीमवर किंवा भिंतीच्या डोक्यावर येईल असा ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको. निपल तळापासून चार बोटं वर बसवा, म्हणजे गाळ खाली राहतो. वरून मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधा. डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतात.

लॅटरलला भोक पंचनेच पाडा. तापवलेल्या खिळ्यानं भोक लांबट होतं आणि ड्रिपरच्या कडेनं पाणी झिरपत राहतं. नळीचे दोन तुकडे जोडणारा जॉइनर घालताना नळीचं टोक मिनिटभर गरम पाण्यात बुडवलं की सहज चढतं. नळी कुठेही कमानीसारखी वर उचलली जाऊ देऊ नका. कठड्यावरून घेतली की तिथे हवा अडकते, मग पुढच्या कुंड्या कोरड्या आणि आपण ड्रिपर तपासत बसतो.

पाणी सकाळी सहा-सातला सोडा. दुपारी काळ्या नळीत साठलेलं पाणी हात भाजेल इतकं तापतं आणि पहिलं तेच मुळांवर पडतं.

दुसरी अडचण मातीची. शेतातली काळी माती कुंडीत भरली की सुकताना आकसते, कडेला बोटभर फट पडते. ड्रिपरचं पाणी त्या फटीतून सरळ खाली. बशी भरलेली आणि रोप मान टाकून. दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट हे मिश्रण पाणी धरतं. वर दोन इंच उसाचं पाचट पसरा, पण खोडाला चिकटवू नका.

बोअरचं पाणी वापरत असाल, तर काही आठवड्यांत ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा क्षार जमतो. सुईनं टोकरू नका, भोक मोठं होतं. उघडून रात्रभर व्हिनेगरमध्ये टाका, सकाळी जुन्या टूथब्रशनं घासा. फिल्टरची जाळी आठवड्याला धुवा, पंधरवड्याला एंड कॅप काढून नळीतून अर्धी बादली पाणी जाऊ द्या. पहिल्या धारेत तपकिरी गाळ येतो, तोच ड्रिपर बुजवणारा.

सगळं जोडल्यावर प्रत्येक ड्रिपरखाली एकसारखे पेले ठेवा आणि पंधरा मिनिटांनी पाहा. शेवटच्या दोन-तीन पेल्यांत कमी पाणी असेल, तर नळी शेवटाला वर चढलीय किंवा कुठेतरी दुमडलीय. मधलाच एक पेला रिकामा असेल, तर तो एकच ड्रिपर बदला.