रसेलच्या टपालाचं गाव

नवऱ्याला रेल्वेचं वेड आणि मला जुन्या पत्रांचं. त्यामुळे उत्तर वेल्सच्या किनाऱ्याने जाणाऱ्या कॅम्ब्रियन लाइनवर एकदा जायचंच, यावर आमच्या घरी कधी वाद झाला नाही. त्याला बारमथचा लाकडी पूल बघायचा होता. मला त्याच्याही पुढे, पेनरिन्डायड्राइथला उतरायचं होतं. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आयुष्याची शेवटची चौदा-पंधरा वर्षं तिथे राहिले आणि 2 फेब्रुवारी 1970 रोजी, सत्त्याण्णवाव्या वर्षी, तिथेच गेले.

बर्मिंगहॅमहून सकाळची गाडी घेतली. श्रूजबरीला गाडी तोंड फिरवते आणि वेल्समध्ये शिरते. मखनलेथला तिचे दोन तुकडे होतात, अर्धे डबे अबरिस्टविथकडे आणि अर्धे किनाऱ्याने वर पुल्हेलीकडे. गार्ड डब्याडब्यातून ओरडत फिरतो, तरी दोन पोरं चुकीच्या डब्यात झोपलेली निघालीच. त्यानंतर गाडी समुद्राला इतकी चिकटून धावते की भरतीच्या वेळी खिडकीखाली नुसतं पाणीच दिसतं. वाटेतली कित्येक स्टेशनं अशी की फलाटावर हात दाखवला तरच गाडी थांबते, आपल्याकडे एसटीला दाखवतात तसा. बारमथचा पूल 1867 सालचा, मावडाख नदीच्या मुखावर लाकडी खांबांवर उभा. नवरा काचेला नाक लावून बसला होता. पुढे डोंगरावर हार्लेकचा किल्ला येतो, मग मेंढ्या, मग दलदलीची कुरणं, पुन्हा मेंढ्या.

आता रसेलच्या पत्रांबद्दल. माझी आणि रसेलची ओळख बाबांच्या कपाटातल्या ‘आजचा सुधारक’च्या अंकांमधली. नागपूरहून निघणाऱ्या या मासिकात रसेलची भाषांतरं यायची, बाबा त्यांच्या समासात पेन्सिलीने खुणा करायचे आणि आई म्हणायची, “विवाहावर एवढं वाचून उपयोग काय, भाजी आणायला तर मीच जाते!” तेव्हाचा रसेल म्हणजे तर्काचा, नीतीचा, 1950 साली साहित्याचं नोबेल मिळालेला मोठा माणूस. पत्रं लिहिणारा रसेल मला फार उशिरा भेटला. 1969 मध्ये, म्हणजे ते हयात असतानाच, सामान्य लोकांशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहाराची एक निवड छापली गेली. संपादक दोघेही दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेले तरुण. त्यांतला एक, रॉनी कॅसरिल्स, पुढे मंडेलांच्या पक्षाच्या सरकारात मंत्री झाला. त्या पुस्तकात धर्म, शांतता, तारुण्य आणि म्हातारपण, तत्त्वज्ञान असे भाग आहेत. लिहिणारे कोण? शाळकरी मुलं, विद्यार्थी, पाद्री, चक्रम माणसं, दुखावलेली माणसं. नव्वदीतला माणूस त्यांना उत्तरं देतोय.

एका पत्रात त्यांनी स्वतःचा दिवस सांगितला आहे. सकाळी आठ ते साडेअकरा पत्रं आणि वर्तमानपत्रं. मग एकपर्यंत भेटीगाठी. दोन ते चार वाचन, तेही बहुतेक अण्वस्त्रांविषयीचं. चार ते सात लेखन किंवा पुन्हा माणसं. आणि रात्री आठपासून एकपर्यंत परत वाचन-लेखन. म्हणजे कामाच्या दिवसाचा पहिला, सगळ्यात ताजा तुकडा टपालाला दिलेला. मी ऑफिसात सकाळी आलेल्या मेल दुपारपर्यंत उघडतसुद्धा नाही, म्हणून हे वेळापत्रक मला जरा लागलंच.

पेनरिन्डायड्राइथ (तिथले लोक नुसतं ‘पेनरिन’ म्हणतात, आपणही तेच करावं) हे सुंदर वगैरे म्हणावं असं गाव नाही. खाली खाडी, वर डोंगर, मधे उतारावर करड्या दगडाच्या घरांच्या रांगा. पाटीच्या दगडाची, स्लेटची खाण हा या मुलखाचा मुख्य धंदा होता. त्यामुळे छपरं स्लेटची, उंबरे स्लेटचे आणि शेतांची कुंपणंदेखील स्लेटच्या उभ्या फळ्या तारेने बांधून केलेली. पर्यटक सगळे शेजारच्या पोर्टमेरियनला जातात. क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुविशारदाने 1925 पासून पन्नासेक वर्षं खपून उभारलेलं ते इटालियन थाटाचं रंगीत गाव आहे. आम्हीही गेलो, तिकीट काढलं, फोटो काढले. मला ते मिठाईच्या दुकानासारखं वाटलं. दोन तासांत पोट भरलं.

पेनरिनमध्ये मला जास्त गुंतवलं ते दारूगोळ्याच्या जुन्या कारखान्याने. कुक्स नावाचा स्फोटकांचा कारखाना गावाला लागूनच होता. खाणींसाठी सुरुंगाची दारू बनायची, आणि दुसऱ्या महायुद्धात इथून लाखोंनी हातबाँब बाहेर पडले. 1990च्या दशकात तो बंद झाला. आता तिथे ग्वाइथ पौदर नावाचं निसर्ग-राखीव क्षेत्र आहे. गवतात बुजलेल्या मातीच्या बांधांमधून, स्फोट झाला तर तो शेजारी पसरू नये म्हणून लांब लांब बांधलेल्या कोठड्यांमधून आपण हिंडतो. एका शेडमध्ये स्फोटकांची ताकद मोजायचा अवजड लंबक होता. आता या पडक्या इमारतींत वटवाघळांची वस्ती आहे, उन्हाळ्यात रातवे पक्षी येतात. चहाच्या दुकानातल्या आजी म्हणाल्या, “अर्ध्या गावाची चूल त्या कारखान्यावर पेटायची.” जगातला सगळ्यात प्रसिद्ध अण्वस्त्रविरोधक ज्या गावातून टपाल टाकत होता, त्या गावाचं पोट स्फोटकांवर चालत होतं. रसेल तिथे असताना कारखाना पूर्ण भरात होता.

त्यांचं घर, प्लास पेनरिन, आजही उभं आहे, पण खासगी आहे. लोक राहतात, त्यामुळे आम्ही रस्त्यावरूनच पाहिलं आणि फोटो काढला नाही. रीजन्सी धाटणीचं, अगदी लहान म्हणता येईल असं घर. एका अर्लचं, म्हणजे खानदानी उमरावाचं, घर म्हणून मनात जे काही येतं त्यातलं काहीही नाही. भाड्याने घेतलेलं. या घराचं खरं वैभव म्हणजे समोरचा देखावा. खाली खाडी, पलीकडे डोंगर, हवा स्वच्छ असेल तर स्नोडनचं शिखर, आणि त्रेमाडोगच्या बाजूला कवी शेली 1812-13 मध्ये राहिला ते घर. लहानपणापासून शेलीवर जीव असलेल्या रसेलना ही शेजाराची गोष्ट फार आवडायची.

या घराचा पत्ता ऑक्टोबर 1962 मध्ये जगभर झाला. क्यूबाच्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि रशिया समोरासमोर आल्यावर रसेलनी इथूनच केनेडी आणि ख्रुश्चोव्ह दोघांना तारा केल्या. केनेडींना केलेली तार जहाल होती: तुमची कृती अविचाराची, मानवजातीच्या अस्तित्वाला धोका, हे वेड थांबवा. ख्रुश्चोव्हनी 24 ऑक्टोबरला लांबलचक जाहीर उत्तर पाठवलं आणि या आडगावात पत्रकारांची झुंबड उडाली. केनेडींचं उत्तर दोन दिवसांनी आलं, थोडक्यात आणि झोंबणारं. घरफोड्याला पकडणाऱ्यांकडे बोट दाखवण्याऐवजी आधी घरफोड्याकडे पाहा, असा त्याचा मतलब. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या फेरीत केनेडींचा मुद्दा मला बिनतोड वाटतो. रसेलच्या तारांनी जग वाचलं असं त्यांचे चाहते म्हणतात, ते मला पटत नाही.

आणि नंतरचा महिना तर आपल्या दुखऱ्या नसेवरचाच. नोव्हेंबर 1962 मध्ये, चीनचं सैन्य नेफात (आजच्या अरुणाचल प्रदेशात) उतरलेलं असताना, याच घरातून नेहरूंना आणि चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांना पत्रं-तारा जात होत्या. रसेल भारताचे परके नव्हते. 1930च्या दशकात भारताच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या, कृष्ण मेनन सचिव असलेल्या लंडनच्या इंडिया लीगचे ते अध्यक्ष होते. म्हणूनच 21 नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केल्यावर त्यांनी नेहरूंना ती स्वीकारण्याचा आग्रह धरला, तेव्हा भारतात लोकांना ते झोंबलं. चौंच्या शब्दावर त्यांनी ठेवलेला विश्वास आज वाचताना भाबडा वाटतो. हे सगळं त्यांनी पुढच्याच वर्षी पुस्तकरूपाने छापलं, काही लपवलं नाही, हे मात्र मान्य करावं लागतं.

पण त्याच आठवड्यातलं आणखी एक पत्र आहे, आणि मला त्यासाठीच इथे यायचं होतं. तारीख 23 नोव्हेंबर 1962, पत्ता हाच. तर्कशास्त्राचे एक अभ्यासक जुनी महत्त्वाची लेखनं एकत्र छापत होते. रसेलनी 1902 मध्ये फ्रेगेला लिहिलेलं पत्र छापायला त्यांनी परवानगी मागितली होती. त्या पत्राची कथा अशी: गोटलोप फ्रेगे या जर्मन गणितज्ञाने आयुष्यभर खपून अंकगणिताचा पाया तर्कातून बांधला होता. दुसरा खंड छापून होत आलेला. तेवढ्यात तिशीतल्या रसेलचं पत्र गेलं, की तुमच्या पायात एक विसंगती आहे. स्वतःचा घटक नसलेल्या सर्व संचांचा संच घ्या. तो स्वतःचा घटक आहे की नाही? कसंही उत्तर द्या, उलटंच निघतं. फ्रेगेने आठवड्याच्या आत उत्तर दिलं: आपल्याला धक्का बसला आहे, पण हा शोध महत्त्वाचा आहे. साठ वर्षांनी रसेल परवानगी देताना लिहितात, की सचोटी आणि दिलदारपणा यांची उदाहरणं आठवायला बसलो तर सत्यावरच्या फ्रेगेच्या निष्ठेशी तुलना होईल असं माझ्या माहितीत काही नाही. हिमालयात युद्ध, दारात पत्रकार, वय नव्वद, आणि या माणसाला एका मेलेल्या सहकाऱ्याचं ऋण नीट शब्दांत मांडायला वेळ आहे. केनेडी-ख्रुश्चोव्हच्या तारा एका पारड्यात आणि हा परिच्छेद दुसऱ्या पारड्यात टाकला, तर मी डोळे मिटून हा उचलेन.

नकार द्यायचा तोही असाच स्वच्छ. ब्रिटिश फॅसिस्टांचा म्होरक्या ऑस्वल्ड मोझ्ली पत्रं पाठवून चर्चेला बोलवत होता. जानेवारी 1962 मध्ये रसेलनी कळवलं, की आपल्या दोघांची भावविश्वं इतकी परस्परविरोधी आहेत की आपल्या सहवासातून प्रामाणिक असं काही निघणं शक्य नाही. शिवी एकही नाही, फट एकही नाही.

विनोबांचा धागाही याच घरापर्यंत येतो. सप्टेंबर 1961 मध्ये अण्वस्त्रविरोधी सत्याग्रहासाठी एकोणनव्वद वर्षांच्या रसेलना तुरुंगात टाकलं. शिक्षा दोन महिन्यांची होती, डॉक्टरांच्या दाखल्यावरून ती आठवड्याची झाली. ही बातमी बंगळूरच्या एका कॅफेत सतीश कुमार आणि ई. पी. मेनन या विनोबांच्या दोन तरुण कार्यकर्त्यांनी वाचली. म्हातारा तुरुंगात आणि आपण कॉफी पितोय, असं वाटून दोघांनी दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन या अण्वस्त्रवाल्या राजधान्यांना पायी जायचं ठरवलं. विनोबांनी निरोप देताना दोन अटी घातल्या: जवळ पैसा ठेवायचा नाही आणि शाकाहार सोडायचा नाही. राजघाटावरून निघालेले ते दोघे पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, रशिया तुडवत खरोखरच इथे वेल्समध्ये येऊन रसेलना भेटले. अटलांटिक काही चालून जाता येत नाही, तेव्हा जहाजाच्या तिकिटांची सोय करायला रसेलनी मदत केली. गागोद्याच्या विनोबांचे दोन पायी दूत या उतारावरून वर चढले असतील, या कल्पनेने मी उगाच त्या रस्त्यावर एक खेप जास्त मारली. नवरा पोर्थमाडोगच्या वाफेच्या छोट्या गाडीचं वेळापत्रक बघत खाली थांबला होता.

अखेरच्या वर्षांत एक गाठ पडते आणि ती सोडवणं सोपं नाही. राल्फ शोनमन नावाचा तडफदार अमेरिकन तरुण रसेलचा सचिव झाला, आणि व्हिएतनामच्या काळातल्या रसेलच्या नावाच्या मजकुरात रसेल किती आणि शोनमन किती, यावर लोक अजून भांडतात. डिसेंबर 1969 मध्ये रसेलनी स्वतःच एक सविस्तर निवेदन सांगून टंकून घेतलं आणि त्याच्याशी संबंध तोडल्याची कारणं दिली. ते छापलं गेलं मृत्यूनंतर. जाहीरनामे वाचताना मलाही कधी कधी दुसऱ्याच कुणाचा आवाज ऐकू येतो. शाळेतल्या मुलाला देव आहे का याचं चार ओळींत उत्तर देणाऱ्या पत्रात मात्र तसं होत नाही. तिथली वाक्यं आखूड, कोरडी, मधेच मिश्कील, तीच 1912च्या रसेलची, तीच 1930च्या रसेलची.

गावात त्यांची समाधी शोधू नका. कोल्विन बे इथे कोणत्याही धार्मिक विधीशिवाय दहन झालं आणि रक्षा वेल्सच्या डोंगरांत उधळली. कागदपत्रंही इथे नाहीत. चळवळीला पैसे हवे होते म्हणून रसेलनी 1968 मध्ये आपला सगळा संग्रह, पत्रांच्या कार्बन प्रतींसकट, कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठाला विकला. तिथल्या सूचीत आज लाखाहून जास्त पत्रांच्या नोंदी आहेत आणि त्यांचं लिहायचं टेबलही तिथेच आहे. टोरंटोकडची मराठी मंडळी बसने सहज जाऊन येऊ शकतात. पहिल्या महायुद्धाला विरोध केल्याबद्दल 1918 मध्ये झालेल्या तुरुंगवासातली पत्रं तर या संग्रहाने इंटरनेटवर खुली केली आहेत. पानांच्या कडा न कापलेल्या पुस्तकांत लपवून ती बाहेर पाठवायचे; प्रेयसीला लिहिलेली काही फ्रेंचमध्ये, जुन्या ऐतिहासिक पत्रांची नक्कल असल्याचं भासवून. पहारेकऱ्याला फ्रेंच येत नसणार हे धरून चाललेलं ते प्रेम आहे. वाचाच.

पेनरिनला जायचं तर उन्हाळ्यात जा, रविवार टाळा, त्या दिवशी गाड्या फार कमी असतात. मखनलेथला आपला डबा पुल्हेलीचाच आहे ना, हे गार्डला विचारून घ्या. पोर्टमेरियनचं तिकीट महाग आहे. त्याऐवजी ग्वाइथ पौदरला फुकट हिंडा, पण पाऊस पडून गेला असेल तर चांगले बूट घाला, स्लेट भयंकर निसरडी होते.