खालच्या सिलिंडरमधलं पाणी आणि सिलिकॉनचा सोस

होडीच्या मागे टांगायच्या आउटबोर्ड इंजिनात खालच्या सिलिंडरचा प्लग पुन्हा ओला. पेट्रोलने नाही, पाण्याने: टोक वाफेने धुऊन लख्ख, वरच्याचं मात्र नेहमीसारखं चॉकलेटी. नवं हेड पॅकिंग (सिलिंडरवरचं झाकण म्हणजे हेड, त्याखालचं सील) टाकूनही पाणी येऊनच राहिलं, म्हणून या ८ हॉर्सपॉवरच्या इंजिनचं हेड परत टेबलावर.

फिटिंग करून देणाऱ्या गॅरेजने पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना लाल सिलिकॉन चोपडलं होतं. दाबून बाहेर आलेलं सिलिकॉन पाण्याच्या वाटेने जाऊन थर्मोस्टॅटच्या (इंजिनचं तापमान सांभाळणाऱ्या) झडपेत शेवयांसारखं अडकलेलं. हे ग्रॅफाइटचं पॅकिंग, कोरडंच बसतं. खाली मऊ थर असला की टॉर्क पाना (बोल्ट किती आवळला ते दाखवणारा) आकडा दाखवतो खरा, पण इंजिन तापलं की थर दबतो, बोल्टची आवळ ढिली पडते, पॅकिंग सरकतं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तर ॲल्युमिनियमलाच खातं.

सगळं खरवडून सरळपट्टी लावली, तर खालच्या प्लगशेजारी फीलर गेजची (फट मोजायच्या पात्यांपैकी) ०.१५ मि.मी.ची पाती आत जाते. मर्यादा साधारण ०.१. हा बाक कुठल्याच ट्यूबने भरणार नाही. जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर, साबणाचं पाणी, इंग्रजी आठच्या आकारात हेड फिरवायचं आणि थोड्या थोड्या वेळाने काटकोनात वळवायचं. आधी सरफेसवर मार्करच्या रेघा मारायच्या. त्या सगळीकडे सारख्या पुसल्या की ६०० नंबरवर यायचं. आता ०.०५ची पातीसुद्धा शिरत नाही, हे बघायला फार बरं वाटतं!

बोल्टची बंद भोकं विसरू नका. इंजिन थंड ठेवायला नदीचंच पाणी फिरतं, त्यातला वैनगंगेचा गाळ तळाशी बसला की बोल्ट तिथेच टेकतो आणि टॉर्क खोटा येतो. आटे साफ करायचा टॅप फिरवा, हवा मारा. मग बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने आवळायचे, आधी निम्मा टॉर्क, नंतर पूर्ण. आकडा आपल्या इंजिनच्या मॅन्युअलचाच.

सीलंट लागतं ते क्रँककेसच्या (क्रँकभोवतीच्या पेटीच्या) दोन पाळ्यांमध्ये, कारण तिथे पॅकिंगच नसतं. तिथे ॲनेरोबिक (हवा न मिळाली की घट्ट होणारं), एकाच पाळीवर, बोल्टच्या आतल्या बाजूने बारीक रेघ, बेअरिंगच्या तेलाच्या भोकांपासून लांब. सिलिकॉन तिथेही नको, पेट्रोलने फुगतं.

सीलंट म्हणून शेलॅक चालेल का, अशी मागेही विचारणा झाली होती. आपल्या गोंदियाकडच्या पळसावरची लाख, जुन्या मिस्त्र्यांची लाडकी. पण शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं (म्हणजे अल्कोहोलचंच) पेट्रोल. कार्बोरेटर, इनटेक, रीड ब्लॉक (मिश्रण आत घेणाऱ्या झडपांचा ठोकळा) इथून ते बादच. थर्मोस्टॅटच्या झाकणाच्या कागदी पॅकिंगला नुसता ग्रीसचा हात पुरे. पुढच्या वेळी फाटत नाही.

पाण्याच्या ड्रममध्ये इंजिन चालवून बघायचा बेत होता, पण त्याआधी एक सुचलं. फवारणीचा बॅटरी पंप (औषधाचा नको, कोरा) फ्लशिंगच्या (आतून पाण्याने धुवायच्या) तोंडाला जोडायचा, प्लग काढून ज्या सिलिंडरमध्ये बघायचं त्याचा पिस्टन खाली आणायचा, पाणी ढकलायचं आणि टॉर्चने आत बघायचं. वरून थेंब आला तर हेड. एक्झॉस्ट पोर्टमधून आला, तर दोष एक्झॉस्ट कव्हरच्या आतल्या पॅकिंगचा, आणि हेड उगाचच बदनाम. थंड इंजिनात बारीक गळती लपते, तेवढं धरून चालायचं.

म्हणजे एक्झॉस्टची दोन्ही पॅकिंग आधीच मागवलेली बरी, कंपनीचीच. बाजारात शीटमधून कापून देतात त्याची जाडी दर वेळी वेगळी. त्या कव्हरचे बोल्ट तुटायला टपलेलेच असतात. आजपासून गंजतेल सोडून ठेवतो.