तो शर्ट अनिताचा होता

दादाच्या खोलीत 'रोलिंग स्टोन्स' या रॉक बँडचा गिटारवादक कीथ रिचर्ड्सचं पोस्टर होतं. गळ्यात स्कार्फ, डोळ्यांत काजळ. आई म्हणायची, "बायकांचे कपडे घालून काय उभा राहिलाय हा!" आईचं बरोबर होतं, हे मला परवा रात्री कळलं. कीथ खरंच त्याची मैत्रीण, मॉडेल आणि अभिनेत्री अनिता पॅलेनबर्गचे कपडे घालायचा.

'कॅचिंग फायर' (२०२३) हा तिच्यावरचा माहितीपट. २०१७ साली ती गेली, त्यानंतर घरच्यांच्या हाती तिचं न छापलेलं आत्मचरित्र लागलं. त्यातलेच शब्द स्कार्लेट जोहान्सनच्या आवाजात ऐकू येतात. म्हणजे एकदाची बाई स्वतः बोलते. नाहीतर आजवर तिची ओळख काय, तर आधी त्याच बँडमधल्या ब्रायन जोन्सची, मग कीथची मैत्रीण. स्टोन्सच्या 'सिम्पथी फॉर द डेव्हिल' या गाण्यातल्या त्या 'हू-हू'मध्ये तिचाही आवाज आहे, हे दादालाही माहीत नव्हतं. (आणि तो स्वतःला स्टोन्सचा भक्त म्हणवतो!)

एका जागी मात्र मी पॉज केलं. १९७६. अनिता आणि कीथचं दहा आठवड्यांचं बाळ, तारा, गेलं. त्याच रात्री पॅरिसमध्ये कीथ स्टेजवर उभा राहिला. त्याच्या त्या कार्यक्रमाबद्दल मी पूर्वी कितीदा वाचलंय, आणि दरवेळी 'काय हिंमत!' असंच वाटलंय. बाळाची आई त्या रात्री कुठे होती, हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही.

पुढे व्यसनातून बाहेर पडून, पन्नाशी ओलांडल्यावर तिने लंडनमध्ये फॅशनची पदवी घेतली. हा भाग फार झटपट उरकलाय. मला तर तोच तासभर बघायला आवडला असता.